तानसेन समारोह विनामूल्य, खर्च प्रवास-निवासाचा : ग्वाल्हेरच्या स्वरवारीचे नियोजन कसे करावे?

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात सूफी संत महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची साधी दगडी समाधी आहे. दर डिसेंबरमध्ये या समाधीच्या सान्निध्यात मंडप उभारला जातो आणि देशभरातील नामवंत गायक-वादक तेथे आपली कला सादर करतात. मध्य प्रदेश शासनाच्या संस्कृती विभागाच्या वतीने उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत व कला अकादमी हा समारोह आयोजित करते. रसिकांकडून प्रवेशमूल्य घेतले जात नाही.

म्हणजे बाहेरगावच्या श्रोत्याला खर्च येतो तो केवळ रेल्वेचा, खोलीचा, जेवणाचा आणि शहरातील ये-जा करण्याचा. हा खर्च किती होणार, हे बहुतांशी समारोहाच्या दोन महिने आधी घेतलेल्या निर्णयांवर ठरते. कलाकारांची संपूर्ण यादी साधारणतः समारोहाच्या तोंडावर प्रसिद्ध होते; रेल्वेचे आरक्षण मात्र साठ दिवस आधी खुले होते. यादी पाहून मग तिकीट काढू, असे म्हणणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा प्रतीक्षायादी, तत्काळचे वाढीव भाडे आणि उरलीसुरली महाग खोली येते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या रसिकांना किंवा संगीताच्या विद्यार्थ्यांना त्यामुळे अनेकदा बेतच रद्द करावा लागतो. म्हणून या वारीचे पहिले सूत्र असे की, आरक्षण कलाकारांच्या नावांवर नव्हे, तर तारखांवर करावे.

मराठी रसिकांचे ग्वाल्हेरशी नाते

हा समारोह मराठी श्रोत्यांना परका नाही. ग्वाल्हेर घराण्याची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजवली. विष्णू दिगंबर पलुसकर हे त्यांचेच शिष्य. १९१८ मध्ये ग्वाल्हेरात स्थापन झालेल्या माधव संगीत महाविद्यालयाच्या उभारणीत विष्णू नारायण भातखंडे यांचा पुढाकार होता. शिंदे संस्थानामुळे शहराच्या लष्कर भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. समारोहाच्या पारंपरिक प्रारंभी समाधीस्थळी सनईवादन, ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतील हरिकथा आणि मीलाद असा क्रम असतो. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरचा सर्जनशील शहरांच्या जाळ्यात संगीत विभागात समावेश केला आणि २०२४ मध्ये समारोहाची शंभरावी आवृत्ती झाली.

आधी तारखा, मग तिकीट

समारोह डिसेंबरमध्ये होत असला, तरी त्याच्या तारखा दरवर्षी त्याच नसतात. २०२३ मध्ये तो २४ ते २८ डिसेंबर या काळात झाला, तर २०२४ चा शताब्दी समारोह १५ ते १९ डिसेंबरदरम्यान पार पडला. त्यामुळे मागील वर्षाच्या तारखा गृहीत धरून आरक्षण करणे धोक्याचे ठरते. सप्टेंबरअखेरीपासून संस्कृती विभाग आणि अकादमीच्या घोषणांकडे लक्ष ठेवावे.

रेल्वेने आगाऊ आरक्षणाचा कालावधी १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणला. या साठ दिवसांत प्रवासाचा दिवस धरला जात नाही. १३ डिसेंबरला निघायचे असेल तर आरक्षण १४ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता खुले होते. २० डिसेंबरच्या परतीसाठी हा दिवस २१ ऑक्टोबर असतो. जाण्याचे तिकीट मिळाल्याच्या समाधानात परतीचे राहून जाणे, ही नेहमी घडणारी चूक आहे. दोन्ही तारखा दिनदर्शिकेत आधीच नोंदवून ठेवाव्यात.

यातील एक बारकावा परतीच्या प्रवासात उपयोगी पडतो. हा कालावधी गाडी ज्या स्थानकातून सुटते, तेथील तारखेपासून मोजला जातो. दूरच्या स्थानकातून आदल्या दिवशी सुटून दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरला पोहोचणाऱ्या गाडीचे आरक्षण, आपण ग्वाल्हेरहून बसण्याच्या तारखेच्या हिशेबाने एक दिवस आधीच खुले होते. तत्काळ तिकिटालाही हाच नियम लागू आहे.

तारखा जाहीर होण्यापूर्वीच आरक्षण खुले झाले, तर अंदाजाने तिकीट काढून ठेवण्याचा मार्ग उरतो. निश्चित झालेले तिकीट रद्द केल्यास ठरावीक रक्कम कापली जाते आणि प्रवासाचा दिवस जवळ येईल तशी कपात वाढते. म्हणून तारखा स्पष्ट होताच निर्णय घ्यावा. तत्काळचे तिकीट निश्चित झाल्यानंतर रद्द केले तर सामान्यतः परतावा मिळत नाही, हेही लक्षात असावे.

ऑनलाइन तिकीट काढणाऱ्यांनी आयआरसीटीसीचे खाते आधारशी आधीच पडताळून घ्यावे. तत्काळ तिकिटांसाठी १ जुलै २०२५ पासून, तर सर्वसाधारण आरक्षणाच्या सुरुवातीच्या वेळेसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून ही अट लागू झाली आहे. ज्येष्ठ रसिकांपैकी अनेकांचे खाते मुले किंवा नातवंडे हाताळतात. ऐन वेळी ओटीपी दुसऱ्याच भ्रमणध्वनीवर गेल्याने आसन हातचे निसटते. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी आरक्षण केंद्राची खिडकी खुली आहेच.

ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली. खालच्या बर्थचा कोटा मात्र कायम आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना एकट्याने किंवा दोघांनी प्रवास करताना तो मागता येतो. चार-पाच ज्येष्ठांच्या गटाने सर्वांचे तिकीट एकत्र न काढता दोघा-दोघांचे काढल्यास या कोट्याचा लाभ मिळण्याची शक्यता वाढते.

कोणत्या मार्गाने जावे

ग्वाल्हेर हे दिल्ली-भोपाळ या मुख्य लोहमार्गावरील स्थानक असल्याने देशाच्या बहुतेक भागांतून तेथे थेट गाडी मिळते. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस, गोवा-बेळगाव-मिरज पट्ट्यातून गोवा एक्सप्रेस, बेंगळुरूहून कर्नाटक एक्सप्रेस, हैदराबादहून तेलंगणा एक्सप्रेस आणि इंदूरहून माळवा एक्सप्रेस हे परिचित पर्याय आहेत. मुंबई ते ग्वाल्हेर हे अंतर सुमारे सव्वाबाराशे किलोमीटर, तर नागपूर ते ग्वाल्हेर सुमारे पावणेआठशे किलोमीटर आहे. नागपूरकरांना दिल्लीकडे जाणाऱ्या अनेक गाड्या उपलब्ध असून रात्रभराच्या प्रवासात ग्वाल्हेर गाठता येते. दिल्लीतील मराठी रसिकांना शताब्दी किंवा गतिमान एक्सप्रेसने सुमारे साडेतीन तास लागतात; साध्या एक्सप्रेस गाडीने वेळ थोडा अधिक, पण भाडे बरेच कमी.

लांबच्या अंतरावर वातानुकूलित तृतीय श्रेणीचे भाडे शयनयान श्रेणीच्या साधारण अडीचपट असते. उत्तरेकडील डिसेंबरच्या थंडीत शयनयान डब्यातील रात्र कडक जाते. प्रकृती सांभाळणाऱ्यांनी एक दिशा वातानुकूलित आणि एक दिशा शयनयान, अशी विभागणी केल्यास खर्च आणि सोय यांचा मेळ बसतो. ज्या दिशेने गारठ्याच्या प्रदेशातील प्रवास रात्री होणार असेल, तेथे वातानुकूलित श्रेणी निवडावी. ज्या गाड्यांना इकॉनॉमी तृतीय श्रेणीचे डबे आहेत, त्यांत भाडे आणखी थोडे कमी पडते.

थेट गाडीत जागा नसेल तर झाशी आणि आग्रा ही स्थानके तपासावीत. झाशी ग्वाल्हेरपासून सुमारे शंभर किलोमीटर, तर आग्रा सुमारे एकशेवीस किलोमीटरवर आहे. तेथून पुढे पॅसेंजर, एक्सप्रेस किंवा बसने येता येते.

धुक्याचा हिशेब

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर भारतातील दाट धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. काही गाड्या रेल्वे आधीच रद्दही करते. दक्षिणेकडून ग्वाल्हेरला येताना गाडीचा बहुतेक प्रवास धुक्याच्या पट्ट्याबाहेर होतो. परतताना मात्र पंजाब, जम्मू किंवा दिल्लीकडून येणारी गाडी धुक्यातूनच ग्वाल्हेरला पोहोचते. परतीसाठी शक्यतो ग्वाल्हेर किंवा झाशीहूनच सुटणारी गाडी निवडणे हिताचे असते.

परतीच्या गाडीनंतर त्याच दिवशी दुसरी गाडी किंवा विमान जोडून घेऊ नये. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर दाखल केल्यास पूर्ण भाडे परत मिळू शकते. निघण्यापूर्वी १३९ या क्रमांकावर गाडीची स्थिती विचारून घेतल्यास थंडीत फलाटावर ताटकळणे टळते. खर्चाच्या अंदाजपत्रकात एका अतिरिक्त रात्रीची रक्कम आधीच राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

स्वस्त खोली नेहमीच स्वस्त पडत नाही

ग्वाल्हेर शहराचे किल्ल्याखालील जुने ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार असे तीन भाग आहेत. तानसेनाची समाधी जुन्या ग्वाल्हेरकडील हजिरा भागात असून रेल्वे स्थानकापासून ती काही किलोमीटर अंतरावर आहे. स्थानक आणि पडाव परिसरात साधी निवासगृहे बरीच आहेत. लष्कर भागात जुनी हॉटेले आणि बाजारपेठ आहे. राज्य पर्यटन महामंडळाचे तानसेन रेसिडेन्सी हे निवासस्थानही शहरात आहे.

समारोहाची सत्रे सकाळी आणि सायंकाळी अशी दोनदा होतात. सायंकाळचे सत्र रात्री उशिरापर्यंत लांबते. त्यामुळे खोलीचे भाडे आणि मंडपापर्यंतच्या ये-जा करण्याचा खर्च एकत्र मोजायला हवा. समजा, मंडपापासून जवळच्या खोलीचे भाडे १,४०० रुपये आणि दूरच्या खोलीचे १,००० रुपये आहे. दूरच्या खोलीतून दोन्ही सत्रांना जाण्यायेण्यासाठी रिक्षाला दिवसाला ५०० रुपये लागले, तर पाच दिवसांत दूरची खोली रिक्षासह ७,५०० रुपयांना पडते. जवळची खोली, चालत जाता येत असेल तर, ७,००० रुपयांतच भागते. शिवाय रात्री कुडकुडत रिक्षा शोधण्याचा त्रास वाचतो. उलट, केवळ सायंकाळच्या सत्रालाच जाणार असल्यास दूरची खोली परवडू शकते. म्हणजे कोणती सत्रे ऐकायची हे आधी ठरवावे आणि खोली नंतर.

खोलीच्या दरांवर लग्नसराईचाही परिणाम होतो. उत्तर भारतात कार्तिकी एकादशीनंतर सुरू होणारी लग्ने डिसेंबरच्या मध्यावर सूर्य धनू राशीत गेल्यावर थांबतात. या काळाला तेथे खरमास म्हणतात. आपल्याकडील धनुर्मास तो हाच. समारोह १५ डिसेंबरच्या सुमारास असेल, तर आदल्या दोन-तीन दिवसांत लग्नाच्या वऱ्हाडांनी हॉटेले भरलेली असू शकतात. तो महिनाअखेरीस असेल, तर लग्ने नसतात, पण आग्रा-ग्वाल्हेर पट्ट्यात नाताळ व नववर्षाच्या पर्यटकांची गर्दी असते. दोन्ही परिस्थितींत तिकीट निश्चित झाल्याच्या दिवशीच खोलीही राखावी आणि विनाशुल्क रद्द करण्याची मुदत लेखी घ्यावी.

दर विचारताना तो करासह आहे का, हे विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी ५ टक्के झाला आहे. गरम पाणी कोणत्या वेळेत मिळते, जादा रजई मिळेल का, रात्री उशिरा दार उघडले जाईल का आणि खोली चोवीस तासांच्या हिशेबाने मिळते की ठरावीक वेळेला सोडावी लागते, हे चार प्रश्न डिसेंबरच्या ग्वाल्हेरात फार महत्त्वाचे आहेत. दूरध्वनीवरून बोलणी करताना अनोळखी व्यक्तीने पाठवलेल्या दुव्यावर पूर्ण रक्कम भरू नये. हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून फसवणूक होण्याचे प्रकार घडतात. असे काही घडल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी.

स्थानकावरील विश्रामकक्षाचाही पर्याय आहे. निश्चित किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर तो मर्यादित काळासाठी आयआरसीटीसीमार्फत राखता येतो. उपलब्धता मात्र आधी तपासावी. धर्मशाळा आणि गुरुद्वारांच्या सराया हा जुना आधार आहे. परंतु त्यांचे दरवाजे रात्री लवकर बंद होऊ शकतात आणि मैफल मध्येच सोडून यावे लागते. या जागा यात्रेकरूंसाठी असतात; तेथे राहणाऱ्याने त्यांचे नियम पाळावेत आणि यथाशक्ति देणगी द्यावी, हा संकेत विसरू नये.

पाच दिवस राहिलेच पाहिजे असे नाही

खर्च कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मुक्काम आटोपशीर ठेवणे. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोहोचावे, एक किंवा दोन रात्री राहून शेवटच्या दिवशी रात्रीच्या गाडीने परतावे. अशा आखणीत हॉटेलच्या दोन रात्री वाचतात. शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर सामान स्थानकाच्या सामानघरात ठेवता येते. त्यासाठी प्रवासाचे तिकीट आणि कुलूप लावलेली बॅग आवश्यक असते.

मोजकेच दिवस मिळणार असतील, तर कोणते निवडावेत? परंपरेचे आकर्षण असलेल्यांनी पहिला दिवस निवडावा. हरिकथा आणि मीलाद एकाच आवारात ऐकण्याचा योग त्या सकाळी येतो. त्याच्या आदल्या सायंकाळी सुगम व सूफी संगीताचा ‘गमक’ हा पूर्वरंगही होत आला आहे. ज्यांना निवांतपणा हवा, त्यांनी अखेरचा दिवस घ्यावा. त्या दिवशी एक सत्र तानसेनाचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या बेहट येथे झिलमिल नदीच्या काठी रंगते, तर अलीकडच्या वर्षांत समारोपाचे सत्र किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात होते. बेहट शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर असल्याने चार-पाच जणांनी मिळून गाडी ठरवणे किफायतशीर पडते. मंडपात आदल्या दिवशीच सोबती शोधावेत. समान ओढीने आलेली माणसे तेथे चटकन जुळतात.

मधल्या वेळेत वेगळा खर्च न करता पाहण्यासारखेही बरेच आहे. सरोदवादक हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात उभारलेले सरोद घर हे वाद्यांचे संग्रहालय संगीतप्रेमींनी चुकवू नये. न्याहारीला बेडई, कचोरी आणि जिलेबी, तर थंडीत मुरैन्याची प्रसिद्ध गजक हे स्वस्त आणि पोटभर पदार्थ आहेत. रात्री पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो आणि मंडप बाजूंनी मोकळा असतो. शाल, कानटोपी, पायमोजे आणि गरम पाण्याची बाटली सोबत असेल तर ऐन वेळी खरेदीचा खर्च टळतो.

इतर समारोहांसाठी हीच पद्धत

हिवाळ्यातील अन्य संगीत समारोहांनाही हे सूत्र लागू पडते. फक्त समारोहाचे वेळापत्रक पाहून निवासाचा हिशेब बदलावा लागतो. पुण्यात १९५३ पासून होणाऱ्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला तिकीट लागते. तेथे भारतीय बैठकीचे तिकीट तुलनेने स्वस्त असते. ध्वनिवर्धकांवरील रात्री दहाच्या मर्यादेमुळे त्याची सत्रे दुपारपासून सुरू होतात आणि बहुतेक दिवशी दहापर्यंत संपतात. त्यामुळे शहराच्या कडेला नातेवाइकांकडे उतरले तरी चालते. कोलकात्याच्या डोव्हर लेन परिषदेच्या मैफली रात्रभर चालतात. तेथे रात्रीपेक्षा दिवसा झोपण्यासाठी शांत खोली लागते. जालंधरचा १८७५ पासूनचा हरिवल्लभ संगीत संमेलनाचा सोहळा डिसेंबरच्या उत्तरार्धात होतो आणि त्यालाही प्रवेशमूल्य नाही. तेथे धुके आणि थंडी ग्वाल्हेरहून अधिक, म्हणून राखीव दिवसही अधिक हवा.

थोडक्यात वेळापत्रक

सप्टेंबरअखेर : समारोहाच्या तारखांवर लक्ष, आधार-पडताळणी, सोबत्यांची निश्चिती.
प्रवासाच्या साठ दिवस आधी : जाण्याचे तिकीट, त्याच दिवशी रद्द करता येईल अशी खोली.
परतीच्या साठ दिवस आधी : परतीचे तिकीट, शक्यतो ग्वाल्हेर किंवा झाशीहून सुटणाऱ्या गाडीचे.
एक महिना आधी : हॉटेलला दूरध्वनी करून आरक्षणाची खातरजमा.
कार्यक्रमपत्रिका येताच : कोणती सत्रे ऐकायची याची निवड, गरज असल्यास मुक्कामात फेरबदल.
निघण्याच्या आदल्या दिवशी : गाडीची स्थिती, ओळखपत्र, औषधे, उबदार कपडे आणि एका जादा रात्रीची रक्कम.

तानसेन समारोहात कोणत्या दिवशी कोण गाणार, हे ऑक्टोबरमध्ये ठाऊक नसते. तरीही शंभरांहून अधिक आवृत्त्यांची परंपरा असलेल्या या मंडपात कोणत्याही सायंकाळी गेले, तरी ऐकण्यासारखे काही ना काही हाती लागतेच. त्या भरवशावर ऑक्टोबरमध्ये तिकीट काढणाऱ्याला डिसेंबरमधील हा समारोह परवडतो.